वर्गात बसलेला विदर्भ: पदवीला मानवशास्त्र शिकवायला निघालेल्यांसाठी

नागपुरात किंवा आसपासच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मानवशास्त्राची नेमणूक मिळाली, की अभ्यासक्रमाची प्रत आणि वेळापत्रक हातात पडतं. वर्गात कोण बसलेलं असणार, हे मात्र कुणी सांगत नाही. मी तिथूनच सुरुवात करते, कारण आपल्या विषयात शिकवण्याच्या बहुतेक युक्त्या त्या एका गोष्टीवर ठरतात.

धानोरा-कोरचीकडून येऊन आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहणारी गोंड मुलं असतात. महाल-इतवारीतल्या कोष्टी घरांतली असतात, इंदोऱ्यातल्या बौद्ध कुटुंबांतली असतात, काटोल-सावनेरच्या शेतकऱ्यांची असतात. दोन-तीन पिढ्यांपूर्वी उत्तरेतून येऊन इथे स्थिरावलेल्या हिंदी बोलणाऱ्या घरांतलीही असतात. कुणी यूपीएससीला ऐच्छिक विषय म्हणून मानवशास्त्र घ्यायचं ठरवून आलेलं असतं, तर कुणाला नव्या शैक्षणिक धोरणातल्या मेजर-मायनरच्या जुळणीत हा विषय मिळालेला असतो. पुस्तकांत ज्यांच्यावर प्रकरणं लिहिली गेली, ती माणसं आपल्यासमोर बाकावर बसून वहीत उतरवून घेत असतात. लंडनच्या किंवा दिल्लीच्या वर्गात 'गोंड' हे एका धड्याचं नाव असेल. इथे ते तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं घर आहे. हे लक्षात ठेवून शिकवलं तर विषय जिवंत होतो. विसरून शिकवलं तर तीच मुलगी दिवाळीनंतर वर्गात यायची बंद होते आणि आपल्याला कारणही कळत नाही.

पहिल्या आठवड्यात व्याख्या, व्याप्ती आणि चार शाखा सांगू नका. अभ्यासक्रमात ते पहिलं युनिट असतं हे खरं, पण ते दुसऱ्या आठवड्यात घेतलं तरी काही बिघडत नाही. सुरुवात वंशावळीने करा. फळ्यावर पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी दोन समांतर रेघा, भावंडांना जोडणारी वरची आडवी रेघ, एवढं दाखवा आणि मुलांना तीन पिढ्यांचा तक्ता काढायला सांगा. एक अट आधीच स्पष्ट करा: तक्ता स्वतःच्याच घराचा असायला हवा असं नाही. ज्याच्या घरात वडील सोडून गेलेत, जिच्या आईचं दुसरं लग्न आहे, त्यांना शेजारच्यांचा किंवा मैत्रिणीच्या घरचा तक्ता काढता आला पाहिजे, आणि का ते कुणी विचारायचं नाही. तक्ता वर्गात मोठ्याने वाचून घेऊ नका, बाकावर जाऊन बघा.

तक्ते तयार झाले की एकच प्रश्न टाका: यातल्या कुणाचं लग्न कुणाशी होऊ शकतं आणि कुणाशी होऊच शकत नाही? मग वर्ग आपोआप बोलायला लागतो. मामाच्या मुलीशी लग्न अनेक मराठी घरांत चालतं. आत्याच्या मुलीबद्दल त्याच घरांतली माणसं थबकतात. मूळ उत्तरेतल्या मुलांना दोन्ही गोष्टी ऐकून धक्का बसतो, कारण त्यांच्याकडे मामेबहीण म्हणजे बहीणच आणि कित्येकदा गावातली मुलगीसुद्धा बहीण. गोंड मुलं सांगतात की आधी देव विचारतात, किती देवांचे तुम्ही? चार, पाच, सहा, सात. एकाच संख्येचे देव मानणारे भाऊभाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. भावाबहिणीच्या मुलांमधल्या लग्नाला गोंडांत 'दूध लौटाना' म्हणतात, म्हणजे एका घरातून गेलेली मुलगी पुढच्या पिढीत फिरून त्या नात्यात परत येते. एवढी चर्चा झाल्यावर बहिर्विवाह (गटाबाहेरच लग्न), अंतर्विवाह (गटाच्या आतच लग्न), आते-मामे भावंडांचा विवाह या संज्ञा फळ्यावर लिहा. त्या वर्षाअखेरपर्यंत कुणी विसरत नाही. मग सांगा, की १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या (ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधली) मोहिमेत ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रिव्हर्स यांनी हीच वंशावळीची पद्धत वापरली. आणि इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेची विभागणी केली, तेव्हा महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्यामधल्या पट्ट्यात का टाकला, ते आता तुमच्याच तक्त्यांवरून सांगा. हा भाग घाईने उरकू नका. चार तासिका गेल्या तरी जाऊ द्या. पुढचा सगळा सामाजिक मानवशास्त्राचा पेपर याच तक्त्यांवर उभा करता येतो.

आता एक नाजूक गोष्ट. आदिवासी विद्यार्थ्याला त्याच्या समाजाचा प्रवक्ता बनवू नका. 'तुमच्यात हे कसं असतं, सांग बरं' हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी त्या मुलावर सगळ्या वर्गाच्या नजरा जातात. त्याचं बालपण आश्रमशाळेत गेलेलं असतं. गावातले विधी त्याला आपल्यापेक्षा कमी ठाऊक असू शकतात, आणि तसं कबूल करणं त्याला लाजिरवाणं वाटतं. प्रश्न सगळ्यांना सारखा विचारा: तुमच्या घरी मूल जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी काय करतात? ब्राह्मण मुलीलाही उत्तर द्यावं लागलं पाहिजे, सिंधी मुलालाही. प्रत्येकाच्या घरात विधी असतात हे दिसलं, की 'त्यांच्या प्रथा आणि आपलं जगणं' ही भिंत आपोआप पडते.

आपल्याकडच्या जातीजमातींवरचा जुना आधार म्हणजे रसेल आणि हिरालाल यांचे १९१६ चे चार खंड. नागपुरात शिकवताना ते टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. पण ते माहितीकोश म्हणून देऊ नका, दस्तऐवज म्हणून द्या. एक पान झेरॉक्स करून वाटा आणि तीन गोष्टी शोधायला लावा: लिहिणारा कोण, तो कुणासाठी लिहितोय, आणि त्याला हे सांगितलं कुणी. मुलांना लवकर दिसतं की गावोगावच्या समाजांविषयीची विधानं अनेकदा मालगुजार, तहसीलदार, शाळामास्तर यांच्याकडून आलेली आहेत. सरकारी चौकटीत बसून काम करणाऱ्या हिरालालांसारख्या भारतीय अभ्यासकाची भूमिका काय होती, यावरही छान चर्चा होते. पारधी समाजावरचं लेखन घ्याल तेव्हा काही समाजांना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९५२ साली तो रद्द होणं हे आधी शिकवा, उतारा नंतर द्या. क्रम उलटला तर उताऱ्यातला शिक्का मुलांच्या डोक्यात आधी बसतो.

इथेच तुमच्यासमोर तो प्रश्न येईल, जो नागपूरच्या मानवशास्त्राच्या वर्गात दरवर्षी येतो: खरा आदिवासी कोण? हलबा-कोष्टी आणि गोवारी या दोन्ही समाजांची मागणी आपल्याला अनुसूचित जमातीत गणावं अशी, आणि त्या प्रश्नांशी जोडलेली घरं याच शहरात आहेत. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधिमंडळावर आलेल्या गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा जीव गेला. सीताबर्डीवरून जाताना मुलं ज्या उड्डाणपुलाखालून जातात, त्याला त्या शहिदांचं नाव आहे. वर्गात यावर बोलणं चुकवता येत नाही. मी वर्गाला सुरुवातीलाच सांगते, की या खोलीत कुणाचं प्रमाणपत्र तपासलं जाणार नाही. मग कागद समोर ठेवायचे: अनुसूचित जमाती ठरवण्यासाठी १९६५ च्या लोकूर समितीने मानलेले पाच निकष, म्हणजे आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा संकोच आणि मागासलेपण. हे निकष मुलांनी गटात बसून तपासायचे. संकोच कसा मोजणार? रस्ता आला, मोबाईल टॉवर आला, की अलगपणा संपला आणि जमातही संपली का? त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल घ्या: हलबा-कोष्टींच्या बाबतीत २००० चा आणि गोवारींच्या बाबतीत २०२० चा. राष्ट्रपतींच्या आदेशातल्या यादीत न्यायालय भर घालू शकत नाही, ही दोन्हींमागची भूमिका समजावून सांगा. समाजाची ओळख एक, सरकारी यादीतली नोंद दुसरी, आणि दोन्हींच्या फटीत माणसांची आयुष्यं अडकलेली असतात. मानवशास्त्राचं याहून चांगलं प्रकरण मला दुसरं ठाऊक नाही. वाद चढला तर आवाज न वाढवता पुन्हा कागदाकडे वळवा. तुमचं स्वतःचं मत विचारलं तर द्या, पण तासिकेच्या शेवटी द्या.

शारीरिक मानवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला बहुतेक ठिकाणी साधनं अपुरी असतात. एक उंचीमापक, दोन-तीन कॅलिपर, त्यातला एक सैल. तेवढ्यात भागवता येतं. मापांची यादी लांबवण्यापेक्षा उंची, बसलेली उंची, डोक्याचा घेर, डोक्याची लांबी-रुंदी एवढीच मापं घ्या, पण प्रत्येक माप दोनदा घ्यायला लावा. दोन मापांतल्या फरकांचे वर्ग करून त्यांची बेरीज करा, मापलेल्या माणसांच्या संख्येच्या दुपटीने भागा, वर्गमूळ काढा. ही झाली मापनातली तांत्रिक चूक. आपल्याच हाताची चूक आकड्यात दिसली, की मुलं कॅलिपर नीट धरायला लागतात. मुलींची मापं मुलींनीच घ्यावीत, वजन मोठ्याने वाचू नये, आणि ज्याला मापून घ्यायचं नाही त्याने नोंदी लिहाव्यात. गुण त्यालाही तेवढेच.

डोक्याचा निर्देशांक (लांबीच्या तुलनेत रुंदी किती टक्के) काढला की कुणीतरी विचारतंच, 'मॅडम, मग मी कोणत्या वंशाचा?' या प्रश्नाला तासिका द्या. ब्रिटिश अधिकारी रिस्ली यांनी नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावू पाहिली, आणि १९३१ च्या जनगणनेसाठी बी. एस. गुहा यांनी वांशिक वर्गीकरण केलं, हे सांगा. मग वर्गाचीच मापं जातीची नावं न लिहिता फळ्यावर एका ओळीत मांडा. कुठे रेघ ओढायची ते मुलांनी दाखवावं. कुणालाच दाखवता येत नाही. त्यानंतर जनुकशास्त्रज्ञ लेवोन्टिन यांचं १९७२ चं काम सांगितलं, की माणसांमधल्या जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच असतं, तर ते वाक्य मुलांच्या हातातल्या मापांना जाऊन भिडतं.

सिकलसेलचा, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा, भाग विदर्भात शिकवताना फार जपावं लागतं. १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये भारतातली पहिली नोंद झाली आणि १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली, म्हणजे हा आपल्या घरचाच विषय. आणि म्हणूनच वर्गात एखादा वाहक (एकाच पालकाकडून हे जनुक आलेला, स्वतः आजारी नसलेला), एखादी रुग्ण बसलेली असणार असं गृहीत धरूनच बोला. हार्डी-वाइनबर्गच्या सूत्रासाठी (लोकसमूहात जनुकांचं प्रमाण काढण्याचं सूत्र) वर्गातले रक्तगट विचारायला हरकत नाही, पण सिकलसेलसाठी कधीही हात वर करायला सांगू नका. काल्पनिक आकडे घ्या: हजार माणसांत दहा रुग्ण. म्हणजे रुग्णांचं प्रमाण ०.०१, त्याचं वर्गमूळ ०.१, वाहकांचं प्रमाण दोन गुणिले ०.९ गुणिले ०.१, म्हणजे हजारात १८० जण. दहा रुग्णांमागे १८० धडधाकट वाहक, हा आकडा फळ्यावर आला की वर्ग शांत होतो. मग मलेरियाचं सांगायचं: वाहकाला घातक मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळतं, म्हणून जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून राहिलं. त्यात कुणाच्या रक्ताचा दोष नाही. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. 'चारातलं एक' असं म्हणाल तर मुलं समजतात की पहिलं रुग्ण झालं, आता पुढची तीन सुखरूप. तो गैरसमज तिथल्या तिथे काढा. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ साली सुरू झालं, त्याची तपासणी कार्डं गावागावांत पोचताहेत, आणि त्यांच्यामुळे सोयरिकी मोडल्याच्या गोष्टी मुलं घेऊन येतात. जीवशास्त्र आणि विवाहसंस्था एकाच तासिकेत शिकवायची अशी संधी सोडू नका. तास संपल्यावर दारात कुणीतरी रेंगाळतं. त्याच्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा आणि शासकीय रुग्णालयात तपासणी, समुपदेशन कुठे होतं ते आधीच विचारून ठेवा.

प्रागितिहासासाठी काटोल रोडवरचं जुनापाणी पुरेसं आहे. तिथली शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मांडलेली दगडांची वर्तुळं, ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी १८७९ साली उकरून पाहिली होती. आज ती संरक्षित आहेत, तेव्हा खणणं-उचलणं काही नाही. टेप आणि होकायंत्र न्या, चार-चार जणांच्या गटाने एकेका वर्तुळाचा व्यास मोजून नकाशा काढा, दगडांवरच्या वाटीसारख्या खुणा शोधा. नागपूर जिल्ह्यातल्याच माहूरझरीचे मणी आणि नैकुंडची लोखंड गाळायची भट्टी यांची नावं तिथेच उभं राहून सांगितली तर लक्षात राहतात. नंतर एक चक्कर अजब बंगल्याची, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची. फार वेळ लागत नाही.

क्षेत्रकार्य मात्र वर्षाअखेरच्या सहलीवर ढकलू नका. दर पंधरवड्याला दोन तास शहरातच पाठवा. नागपूरइतकं सोयीचं शहर कुठे मिळणार! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत लोक रोगराईबरोबर महागाईलाही हाकलतात, आणि कर्मकांडात राजकारण कसं शिरतं ते मुलांना रस्त्यावर उभं राहून दिसतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात. कोण कुठून आलं, कुठलं पुस्तक घेतलं, मुलांसाठी काय घेतलं, एवढंच बघून या म्हणावं. १४ ऑक्टोबर १९५६ चं धर्मांतर पुस्तकातून शिकवण्याआधी हे व्हावं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाचे मोर्चे असतात, यशवंत स्टेडियमच्या परिसरात राज्यभरातले समाज आपापल्या मागण्या घेऊन येतात. गर्दीच्या दिवशी एकट्याने पाठवू नका, जोडीने पाठवा आणि पोलिसांच्या रांगेजवळ थांबायचं नाही हे बजावा. फोटो काढण्याआधी विचारायचं, हेही.

टिपणं कशी लिहायची हे शिकवावं लागतं, आपोआप येत नाही. वहीच्या डाव्या पानावर जे दिसलं-ऐकलं ते, उजव्या पानावर आपल्याला काय वाटलं ते. त्याच दिवशी, झोपण्याआधी. 'बाजारात खूप गर्दी होती, लोक गरीब दिसत होते' हे टिपण नव्हे. 'भाजीच्या ओळीत बारा दुकानं, नऊ बायकांची. एकीने ओळखीच्या गिऱ्हाईकाला भाव न सांगता पिशवी भरली, पैसे पुढल्या बुधवारी द्या म्हणाली', हे टिपण. दोन्ही नमुने पहिल्याच दिवशी शेजारी-शेजारी ठेवून दाखवा. टिपणं मराठीत, वऱ्हाडीत, हिंदीत, गोंडीत, ज्या भाषेत मनात येईल त्यात लिहू द्या. अहवाल करताना परीक्षेच्या माध्यमात उतरवता येतं. मी प्रत्येक वहीत एकच प्रश्न लिहून परत देते, चुका काढत बसत नाही. 'ती नऊ जणी कुठून येतात?' एवढा प्रश्न पुढच्या खेपेला मुलाला परत बाजारात नेतो. शिवाय तयार उत्तरं आणून चिकटवणं यामुळे आपोआप थांबतं, कारण तोंडी परीक्षा त्याच्या वहीवर होते.

गावातल्या मुक्कामासाठी प्रसिद्ध गावं टाळा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखासारख्या गावाने सामूहिक वनहक्काची वाट दाखवली, पण तिथे अभ्यासकांची रीघ लागलेली असते. कुणी न गेलेलं साधं गाव निवडा, जिथे ओळखीची आशाताई किंवा शिक्षक आहेत. आधी स्वतः एकदा जाऊन या. सरपंचांना आणि गावातल्या बायकांना भेटा, आम्ही काय विचारणार आणि काय विचारणार नाही ते सांगा. मुलींच्या राहण्याची आणि संडासाची सोय स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नाहीतर घरून परवानग्या मिळत नाहीत आणि मिळू नयेतही. प्रश्नावली दोन पानांच्या वर नको. पेरणी-रोवणीच्या, धान कापणीच्या दिवसांत जाऊ नका, लोकांना बोलायला फुरसत नसते.

स्पर्धा परीक्षेसाठी आलेल्या मुलांना काही शिक्षक तुच्छ लेखतात. ते बरोबर नाही. ती मुलं वाचून येतात, वर्गाला पुढे ओढतात. त्यांना एवढंच दाखवायचं, की यूपीएससीच्या मानवशास्त्राच्या दुसऱ्या पेपरातल्या भारतीय समाजावरच्या उत्तरात स्वतः पाहिलेलं एक उदाहरण घातलं तर ते उत्तर गर्दीतून वेगळं उठून दिसतं. बाकीच्यांचा प्रश्न नोकरीचा असतो, तोही तितकाच खरा. भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्रीय केंद्र नागपुरातच आहे, पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांना गावात बसून नीट ऐकणारी, नीट लिहिणारी माणसं लागतात. दुसऱ्या वर्षापासूनच या ठिकाणांची ओळख करून द्या. अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि क्षेत्रप्रकल्पाचे श्रेयांक अशाच ठिकाणी कामी येतात.

आणि गावाचा अहवाल झाला की त्याची मराठीत दहा-बारा पानांची प्रत काढा, नावं बदललेली आहेत ना ते तपासा, आणि परीक्षा सुरू होण्याआधी दोन विद्यार्थ्यांबरोबर ती गावात नेऊन द्या. ग्रामपंचायतीत मोठ्याने वाचून दाखवा. लोक चुका सांगतील, त्या दुरुस्त करूनच अहवाल विभागात जमा करा.